सुशिक्षित फिलिपिनो नागरिक म्हणजे कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय शिक्षणासाठी मुलांना फिलिपिन्सला पाठवणारे महाराष्ट्रातील पालक, तिकडे संसार थाटलेली मराठी कुटुंबे आणि शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारे शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गुंतलेला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'सुशिक्षित नागरिक' अशी काही व्याख्या फिलिपिन्सच्या कायद्यात आहे का?

नाही, आणि ती नाही हे योग्यच आहे असे मला वाटते. कारण अशी व्याख्या केली की तिच्याबाहेर राहिलेल्यांचे हक्क कापण्याचा मोह सत्तेला होतो, आणि या देशाने तो अनुभव घेतलेला आहे (प्रश्न ४ पाहा). मात्र शिक्षणातून कसा माणूस घडावा, याचे वर्णन १९८७ च्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात आहे. शाळांनी देशप्रेम रुजवावे, मानवजातीविषयी आपुलकी आणि मानवी हक्कांविषयी आदर निर्माण करावा, राष्ट्रवीरांच्या कार्याची जाण द्यावी, नागरिकत्वाचे हक्क आणि कर्तव्ये शिकवावीत, चारित्र्य आणि शिस्त घडवावी, चिकित्सक व सर्जनशील विचाराला उत्तेजन द्यावे, विज्ञान-तंत्रज्ञानाचे ज्ञान वाढवावे आणि हाताला काम मिळेल असे कौशल्य द्यावे, असे तिथे म्हटले आहे. राज्यघटनेचा अभ्यास सर्व शिक्षणसंस्थांना बंधनकारक आहे.

बोलीभाषेतला अर्थ मात्र कायद्याहून अधिक बोलका आहे. तागालोग या तिथल्या प्रमुख भाषेत शिकलेल्या माणसाला 'मे पिनाग-आरालान' म्हणतात, म्हणजे ज्याने काही अभ्यासलेले आहे असा. उलट 'वालांग पिनाग-आरालान', म्हणजे 'काही शिकलेला नाही', हे शब्द निरक्षरापेक्षा उर्मट माणसाच्या वाट्याला अधिक येतात. दारावरच्या रखवालदारावर किंवा भाजीवालीवर खेकसणाऱ्या पदवीधरालाही ते ऐकून घ्यावे लागतात. आपल्याकडे 'एवढे शिकून काय उपयोग' असे म्हणताना जी चीड असते, तीच या शब्दांत आहे. 'काप्वा', म्हणजे समोरच्या माणसात स्वतःला पाहणे, ही तिथल्या समाजाची मूळ धारणा, आणि ती ज्याच्या वागण्यात उतरत नाही त्याचे शिक्षण लोक मनातून मोजत नाहीत.

२. नागरिकत्व मिळण्याचा शिक्षणाशी काही संबंध आहे का?

जन्माने नागरिक असलेल्यांच्या बाबतीत काहीही नाही. आई किंवा वडील यांपैकी एकजण फिलिपिनो नागरिक असला की मूल नागरिक ठरते, मग त्याचा जन्म मनिलात झालेला असो वा मुंबईत. फिलिपिन्सच्या भूमीवर जन्म झाला एवढ्यावरून नागरिकत्व मिळत नाही. परदेशी व्यक्तीने अर्ज करून नागरिकत्व घ्यायचे ठरवले, तर मात्र शिक्षणाचा प्रश्न थेट पुढे येतो; तो प्रश्न १२ मध्ये पाहा.

३. तिथे शाळा किती वर्षांची असते आणि ती मोफत आहे का?

बालवर्ग, सहा वर्षे प्राथमिक, चार वर्षे कनिष्ठ माध्यमिक आणि दोन वर्षे उच्च माध्यमिक, अशी आजची रचना आहे. २०१३ च्या कायद्याने ती लागू झाली. त्याआधी शालेय शिक्षण दहाच वर्षांचे होते. प्राथमिक व माध्यमिक सरकारी शाळा मोफत असणे ही घटनेचीच आज्ञा आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील पदवी शिक्षणाचे शुल्कही शासनाने उचलले. शिक्षणाला अर्थसंकल्पात सर्वोच्च प्राधान्य द्यावे, असेही घटनेत लिहिलेले आहे.

या मोफत शिक्षणाची मुळे जुनी आहेत. स्पेनविरुद्ध लढून १८९९ मध्ये मालोलोस येथे जे अल्पजीवी प्रजासत्ताक उभे राहिले, त्याच्या घटनेतच सार्वजनिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे असेल असे कलम होते. बंदुकीचा धूर विरला नव्हता आणि अमेरिकेशी युद्ध उंबरठ्यावर होते, अशा वेळी त्या माणसांना शाळेचे कलम लिहावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

४. लिहिता-वाचता न येणाऱ्या नागरिकाला मत देता येते का?

होय, आणि हा हक्क एका दिवसात मिळालेला नाही. अमेरिकी अमलाखाली १९०७ मध्ये पहिल्या विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा मतदार किमान २३ वर्षांचा पुरुष असावा लागे. शिवाय त्याने पूर्वी सरकारी हुद्दा भूषवलेला असावा, किंवा त्याच्याकडे ठरावीक मालमत्ता असावी, किंवा त्याला इंग्रजी अथवा स्पॅनिश लिहिता, वाचता आणि बोलता यावी, अशी अट होती. म्हणजे तागालोग किंवा सेबुआनो भाषेत कविता रचणारा शेतकरी या हिशेबात अशिक्षित ठरत होता. १९१६ च्या कायद्याने देशी भाषेतील साक्षरता ग्राह्य धरली. १९३५ च्या घटनेनेही साक्षरतेची अट कायम ठेवली, मतदाराचे वय २१ ठेवले आणि स्त्रियांना मताधिकार द्यायचा की नाही हे स्त्रियांच्याच कौलावर सोपवले. किमान तीन लाख स्त्रियांनी अनुकूल मत द्यावे अशी अट होती. ३० एप्रिल १९३७ रोजी ४ लाख ४७ हजारांहून अधिक स्त्रियांनी होकार दिला.

१९७३ च्या घटनेने साक्षरतेची अट काढून टाकली आणि वय १८ वर आणले. १९८७ च्या घटनेने तर स्पष्टच सांगितले की साक्षरता, मालमत्ता किंवा अशी कोणतीही अट मताधिकारावर लादता येणार नाही. इतकेच नव्हे, तर निरक्षर आणि अपंग मतदारांना कोणाच्याही मदतीशिवाय मत देता येईल अशी पद्धत संसदेने आखावी, असेही त्यात आहे.

तोवर मदतीची सोय आहे. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाजवळचे लंबगोल शाईने भरायचे असते, आणि निरक्षर मतदाराला हे काम जवळच्या नातेवाइकाकडून, घरातल्या विश्वासू माणसाकडून किंवा मतदान केंद्रावरील अधिकाऱ्याकडून करून घेता येते. एका माणसाने तीनांहून अधिक मतदारांना अशी मदत करू नये असा नियम आहे. केंद्रावरील अधिकारी त्याला अपवाद असतात. गावातला एखादा 'शिकलेला' माणूस सगळ्या वाडीची मते आपल्याच हाताने भरून टाकील, ही भीती कायद्याने ओळखलेली आहे. शिक्षणामुळे हाती येणाऱ्या सत्तेला आवर घालणारा हा नियम सुशिक्षित नागरिकाने आधी स्वतःला लावून पाहावा.

५. मग राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी तरी पदवी लागत असेल ना?

लागत नाही. जन्मतः नागरिक, नोंदणीकृत मतदार, वय किमान ४० वर्षे, देशात दहा वर्षांचे वास्तव्य आणि लिहिता-वाचता येणे, एवढ्याच अटी घटनेत आहेत. मतदाराला साक्षरतेची अट नाही, पण उमेदवाराला आहे, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पदवी असली पाहिजे असा सूर निवडणुकीच्या काळात तिथेही लागतो. तो किती जुना आणि किती दुखावणारा आहे, हे प्रश्न १५ मध्ये पाहा.

६. प्रत्येक विद्यार्थ्याला होसे रिझाल का शिकावे लागतात?

कारण तसा कायदाच आहे. १९५६ च्या प्रजासत्ताक अधिनियम १४२५ नुसार सरकारी आणि खासगी, सर्व शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांमध्ये राष्ट्रवीर मानले जाणारे लेखक रिझाल यांचे जीवन, कार्य आणि लेखन, विशेषतः त्यांच्या 'नोली मे तांगेरे' आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या दोन कादंबऱ्या शिकवणे बंधनकारक झाले. सिनेटर क्लारो रेक्तो यांनी हा आग्रह धरला, होसे लॉरेल यांनी तो सभागृहात लढवला, आणि कॅथलिक धर्मपीठाने त्याला कडाडून विरोध केला, कारण या कादंबऱ्यांत स्पॅनिश पाद्र्यांच्या जुलमाचे उघडे चित्रण आहे.

परंतु या कादंबऱ्या केवळ जुलमाविषयी नाहीत. त्या मोठ्या प्रमाणात शाळेविषयी आहेत, आणि म्हणूनच आपल्या विषयाशी त्यांचे नाते घट्ट आहे. १८८७ मध्ये बर्लिनला छापल्या गेलेल्या पहिल्या कादंबरीचा नायक इबारा युरोपातून शिकून परततो आणि वडिलांच्या स्मरणार्थ गावात शाळा बांधायला घेतो. गावचा मास्तर त्याला आपली कहाणी सांगतो. वर्ग पाद्र्याच्या घराच्या तळमजल्यावर, पाद्र्याच्या घोडागाडीच्या शेजारी भरतो. मुलांना छडी मारणे त्याने बंद केले तर ती पुन्हा उगारायला त्याला भाग पाडले गेले, आणि पाद्र्याशी तो स्पॅनिशमध्ये बोलला तेव्हा उसने कपडे घालू नकोस, आपल्या भाषेत बोल, असे त्याला सुनावले गेले. दुसरी कादंबरी १८९१ मध्ये आली. तिच्यात पदार्थविज्ञानाचा एक वर्ग आहे. उपकरणे काचेच्या कपाटात चकचकीत ठेवलेली, पाहुण्यांना दाखवण्यासाठी. विद्यार्थ्यांचा हात त्यांना कधी लागत नाही. अपमान असह्य होऊन एक विद्यार्थी भर वर्गातून उठून निघून जातो. कुलूपबंद उपकरणांचे ते कपाट आजही कितीतरी देशांतल्या शाळांमध्ये सापडेल, आपल्याकडेही.

रिझाल स्वतः नेत्रवैद्य होते. १८९२ मध्ये त्यांना मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्यांनी तिथे दवाखाना चालवला, गावासाठी नळाचे पाणी आणले आणि मुलांची शाळा काढली. मुलांकडून फी नव्हती. त्याऐवजी ती त्यांच्या बागेत आणि शेतात काम करत. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. 'सुशिक्षित फिलिपिनो' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो तो त्यांचा, आणि माझ्या मते त्यात युरोपातल्या रिझालपेक्षा दापितानच्या रिझालला मान अधिक मिळायला हवा.

७. धार्मिक कारणाने या अभ्यासातून सूट मिळते का?

अर्धी मिळते. शपथपत्रावर धार्मिक कारण लेखी दिल्यास मूळ, न कापलेल्या कादंबऱ्या वाचण्यातून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे, मात्र अभ्यासक्रमातून सूट नाही. १९५६ मधला वाद मिटावा म्हणून केलेली ही तडजोड होती.

८. या साऱ्या इतिहासात स्त्रिया कुठे आहेत?

अगदी आरंभीच आहेत. १८६३ च्या स्पॅनिश फर्मानाने प्रत्येक गावात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक प्राथमिक शाळा असावी असे ठरवले होते. मात्र स्पॅनिश भाषा, म्हणजे कचेरीची आणि कायद्याची भाषा, सामान्यांना नीट येऊ नये असाच अनेक पाद्र्यांचा प्रयत्न होता. १२ डिसेंबर १८८८ रोजी गव्हर्नर-जनरल वेय्लर मालोलोसला आले असता वीस तरुणींनी त्यांच्या हाती अर्ज दिला. आम्हाला स्पॅनिश शिकायची आहे, दिवसा घरकाम असते, म्हणून रात्रशाळा काढू द्यावी, एवढीच मागणी त्यात होती. गावच्या पाद्र्याने विरोध केला, पण त्या मागे हटल्या नाहीत. शिक्षिका ठरलेली असावी आणि खर्च त्यांनी स्वतः करावा अशा अटींवर परवानगी मिळाली; शाळा तीनेक महिनेच चालली.

लंडनमध्ये असलेल्या रिझाल यांनी २२ फेब्रुवारी १८८९ रोजी या तरुणींना तागालोगमध्ये दीर्घ पत्र लिहिले. आईने मुलाला काय शिकवावे, डोळे मिटून आज्ञापालन म्हणजे धर्म कसा नव्हे, असे विषय त्यात आहेत. पत्र आज सर्वांना ठाऊक आहे, पण मला त्या अर्जाचे मोल अधिक वाटते. शिक्षण मागून घ्यावे लागते, आणि तेही सत्तेच्या दारात उभे राहून, हे त्या वीसजणींनी रिझाल यांचे पत्र हाती येण्याआधीच जाणले होते.

९. फिलिपिनो लोक इंग्रजी उत्तम बोलतात. उत्तम इंग्रजी म्हणजेच सुशिक्षितपणा, असे तिथे मानतात का?

अनेकजण मानतात, आणि ती या देशाची जुनी दुखरी नस आहे. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलात उतरले. त्यांना आजही 'थॉमसाइट' म्हणून ओळखतात. त्यांनी दूरदूरच्या बेटांवर शाळा उघडल्या, कित्येकजण आजारपणाने तिथेच दगावले, आणि त्यांच्या श्रमाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण शिकवण्याचे माध्यम इंग्रजी ठरले, आणि पहिल्या इयत्तेतले मूल घरी कधी न ऐकलेल्या भाषेत हिशेब शिकू लागले. पुढे इतिहासकार रेनातो कोन्स्तांतिनो यांनी यावर कठोर टीका केली. परक्या भाषेतल्या शिक्षणाने फिलिपिनो माणूस आपल्याच समाजाकडे परक्याच्या नजरेने पाहू लागला, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

आज घटनेनुसार राष्ट्रभाषा फिलिपिनो आहे आणि तिचा पाया तागालोगचा आहे. फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन अधिकृत भाषा आहेत, आणि प्रादेशिक भाषांना आपापल्या भागात साहाय्यक अधिकृत भाषेचे स्थान आहे. २०१३ च्या कायद्याने बालवर्ग ते तिसरी मातृभाषेतून शिकवण्याची पद्धत आणली होती. पुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक यांची वानवा राहिली, आणि २०२४ मध्ये नव्या कायद्याने ती सक्ती उठवली. मराठी शाळांचे काय होते आहे हे पाहणाऱ्या वाचकाला यातली कळ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

माझे मत विचाराल तर, बारांगायच्या, म्हणजे शासनाच्या सर्वांत लहान घटकाच्या (प्रश्न ११ पाहा), सभेत आजीबाईला तिच्या वारायमध्ये किंवा इलोकानोमध्ये योजना समजावून सांगता येणे हीच तिथल्या सुशिक्षिताची खरी भाषिक परीक्षा आहे. इंग्रजी कागद वाचता येणे हा तिचा पहिला अर्धा भाग; तो कागद शेजारणीच्या भाषेत उतरवून सांगणे हा उरलेला.

१०. शाळेत राष्ट्रध्वजाला वंदन आणि प्रतिज्ञा सक्तीची आहे का? नकार दिला तर?

ध्वजवंदन १९५५ च्या कायद्याने सर्व शाळांत बंधनकारक झाले. मुले अंगणात रांगा करून उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवून 'लुपांग हिनिरांग' हे राष्ट्रगीत गातात आणि 'पानातांग माकाबायान' ही प्रतिज्ञा म्हणतात. 'भारत माझा देश आहे' म्हणत मोठ्या झालेल्या माणसाला ते दृश्य लगेच ओळखीचे वाटते.

नकाराचा प्रश्न मात्र न्यायालयात दोनदा गेला. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाच्या मुलांनी श्रद्धेमुळे ध्वजाला वंदन केले नाही, तेव्हा १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेतून काढणे वैध ठरवले. पुढे सेबू प्रांतात अशीच मुले काढली गेली आणि १ मार्च १९९३ रोजी त्याच न्यायालयाने आपला जुना निर्णय फिरवला. मुले शांतपणे उभी राहतात, कोणाला अडथळा आणत नाहीत, मग त्यांना शिक्षणाच्या हक्कापासून तोडता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन मुलांच्या बाबतीत १९८६ मध्ये असाच निकाल दिला होता.

हा अपवाद मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण पालक विचारतात की अशाने देशप्रेम कमी होणार नाही का. शाळेबाहेर काढलेले मूल देशावर अधिक प्रेम करू लागेल, याची शक्यता फार कमी आहे.

११. शिकलेल्या माणसाने नागरिक म्हणून प्रत्यक्ष काय करावे, अशी तिथे अपेक्षा असते?

सुरुवात बारांगायपासून होते. बारांगाय म्हणजे शासनाचा सर्वांत लहान घटक, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखा, पण शहरातही असणारा. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार वर्षातून किमान दोनदा बारांगाय सभा भरली पाहिजे. १५ वर्षांवरील रहिवासी नागरिक तिचे सदस्य असतात, आणि जमाखर्च त्यांच्यापुढे मांडावा लागतो. बास्केटबॉलच्या छताखालच्या मैदानावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, पंखा घरघरत असतो, खर्चाचा तक्ता फळ्यावर डकवलेला असतो, आणि बहुतेकजण तो न वाचता चहापाण्याची वाट पाहतात. अशा वेळी जो उठून 'नालीचे काम दोनदा का दाखवले आहे' असे आदराने विचारतो, तो त्या गावाचा सुशिक्षित नागरिक.

तरुणांसाठी 'सांगुनियांग काबाताआन' ही युवा परिषद आहे. १५ ते ३० वयाचे तरुण तिच्यासाठी मतदान करतात, पदाधिकारी १८ ते २४ वयाचे असतात, आणि २०१६ च्या कायद्याने निवडून आलेल्या पुढाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना ही निवडणूक लढवण्यास मनाई केली. घराणेशाही खोलवर रुजलेल्या देशात हे पाऊल लहान असले तरी महत्त्वाचे आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन सत्रे राष्ट्रीय सेवा प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात लष्करी प्रशिक्षण, साक्षरता सेवा किंवा लोककल्याण सेवा यांतून निवड करता येते. साक्षरता सेवेत विद्यार्थी मुलांना आणि शाळा सुटलेल्यांना लिहायला-वाचायला शिकवतात. शाळा उघडण्याआधी 'ब्रिगादा एस्क्वेला' असते, तेव्हा पालक, शिक्षक आणि शेजारी झाडू, रंगाचे डबे आणि हातोडे घेऊन येतात आणि बाके दुरुस्त करतात.

निवडणुकीचा भार कित्येक दशके सरकारी शाळांच्या शिक्षकांनी वाहिला आहे. मतपेट्या सांभाळताना त्यांना धमक्या आल्या, काहींचे प्राणही गेले. २०१६ च्या कायद्याने ही सेवा ऐच्छिक केली, तरी आजही केंद्रावर बहुधा शाळेतल्या बाईच बसलेल्या दिसतात.

आणि एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस आणि त्यांच्या विरोधी उमेदवार कोराझोन आकिनो यांच्यात निवडणूक झाली. ९ तारखेच्या रात्री मनिलातील मतमोजणी केंद्रात संगणकावर आकडे भरणाऱ्या सुमारे ३५ कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले की त्यांनी भरलेले आकडे आणि बाहेर जाहीर होणारे आकडे जुळत नाहीत. त्या तंत्रज्ञांनी आपल्या जागा सोडल्या, छापील कागद आणि डिस्क बरोबर घेतल्या आणि ते बाहेर पडले. त्यांच्यात स्त्रियाच अधिक होत्या. दोन आठवड्यांनी एद्सा मार्गावर लाखो लोक जमले आणि मार्कोस देश सोडून गेले. संगणक चालवण्याचे कौशल्य त्या तंत्रज्ञांना पगारासाठी मिळालेले होते, आणि त्या रात्री त्याच कौशल्यामुळे त्यांना खोटे ओळखता आले.

१२. परदेशी व्यक्तीला फिलिपिनो नागरिक व्हायचे असेल तर शिक्षणाच्या अटी कोणत्या?

१९३९ च्या नागरिकत्व कायद्यानुसार अर्जदार किमान २१ वर्षांचा, दहा वर्षे देशात राहिलेला आणि चांगल्या वर्तणुकीचा असावा लागतो. त्याला इंग्रजी किंवा स्पॅनिश आणि शिवाय एक प्रमुख फिलिपिनी भाषा बोलता व लिहिता यावी लागते. त्याहून महत्त्वाची अट मुलांविषयी आहे. त्याची शाळकरी वयाची मुले अशा शाळेत घातलेली असावीत, जिथे फिलिपिन्सचा इतिहास, शासनव्यवस्था आणि नागरिकशास्त्र शिकवले जाते. अर्ज बापाचा, पण परीक्षा मुलांच्या शाळेची. जो माणूस तिथल्या मान्यताप्राप्त शाळेत किमान दोन वर्षे शिक्षक होता, त्याच्यासाठी दहा वर्षांची अट पाचवर येते. मात्र ती शाळा एकाच देशाच्या किंवा वंशाच्या मुलांपुरती काढलेली नसावी.

तिथेच जन्मलेल्या आणि वाढलेल्या परदेशी मुलांसाठी २००१ चा वेगळा, सोपा मार्ग आहे. त्यातही प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण अशाच शाळांत झालेले असावे लागते. तिकडे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांनी शाळा निवडताना ही बाब आधीच पाहावी. वैद्यकीय शिक्षणासाठी काही वर्षे गेलेल्या विद्यार्थ्यांचा याच्याशी संबंध येत नाही. ते विद्यार्थी व्हिसावर असतात. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

१३. शिकून परदेशी गेलेला परिचारक किंवा अभियंता 'चांगला नागरिक' राहतो का?

हा प्रश्न सर्वांत अधिक येतो आणि बहुधा दोषारोपाच्या सुरात येतो. परदेशी काम करणाऱ्यांना तिथे 'बागोंग बायानी', म्हणजे नवे वीर, म्हणतात, आणि त्यांच्या पैशावर लक्षावधी भावंडांची शिक्षणे झाली आहेत. दुबईत दुसऱ्याचे मूल सांभाळून आपल्या मुलाची फी भरणाऱ्या आईला कर्तव्याचा धडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कायद्यानेही त्यांना दूर लोटलेले नाही. २००३ पासून परदेशातून राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, सिनेटर आणि पक्षयादीसाठी मतदान करता येते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या जन्मजात फिलिपिनोला शपथ घेऊन आपले नागरिकत्व परत मिळवता येते.

जिथे शिक्षणाचा खर्च लोकांनी उचललेला आहे, तिथे परतफेडीची अपेक्षा मात्र रास्त आहे. फिलिपिन्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना 'इस्कोलार नांग बायान', म्हणजे जनतेच्या खर्चाने शिकणारे, म्हणतात, आणि ते नाव अनेकजण जबाबदारी म्हणून वागवतात. २०२० च्या वैद्यकीय शिष्यवृत्ती कायद्यात तर हिशेब स्पष्ट आहे: शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष देशातल्या सेवेचे.

१४. शाळेत जाऊनही मुलांना वाचलेले समजत नाही असे ऐकतो. आणि ज्यांची शाळाच सुटली त्यांचे काय?

पहिली गोष्ट दुर्दैवाने खरी आहे. २०१८ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिलिपिन्सचे १५ वर्षांचे विद्यार्थी वाचनात सहभागी ७९ देश-प्रदेशांमध्ये शेवटी होते. २०२२ मध्येही वाचनात ३४७ आणि गणितात ३५५ इतकेच सरासरी गुण आले. २०२४ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० टक्के लोक साध्या अर्थाने साक्षर आढळले, पण वाचलेले समजून वापरता येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७१ टक्केच होते. गर्दीचे वर्ग, दोन-तीन पाळ्यांच्या शाळा, कुपोषण, वादळांमुळे बुडणारे दिवस आणि कागदकामात अडकलेले शिक्षक ही कारणे उघड आहेत. हा दोष मुलांचा नाही.

शाळा सुटलेल्यांसाठी पर्यायी शिक्षण व्यवस्था आहे आणि २०२० मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. तिची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला नियमित शाळेइतकेच महत्त्व असलेले प्रमाणपत्र मिळते. मुष्टियोद्धे मॅनी पॅकियाव यांनी प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, २००७ मध्ये, याच मार्गाने माध्यमिक शिक्षण पूर्ण केले आणि पुढे ते सिनेटर झाले. मुस्लिम मुलांसाठी सरकारी शाळांत अरबी भाषा आणि इस्लामी मूल्यांचा अभ्यासक्रम आहे, आदिवासी समाजांसाठी त्यांच्या परंपरेला धरून शिक्षणाचा कार्यक्रम आहे. प्रत्यक्षात तो पोचायला अजून पुष्कळ वाव आहे.

१५. आंद्रेस बोनिफासिओ यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. मग त्यांना सुशिक्षित म्हणायचे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा शिक्षकच विचारतात, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे.

बोनिफासिओ यांचा जन्म १८६३ मध्ये मनिलाच्या तोंदो भागात झाला. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावंडांसाठी ते काठ्या आणि कागदी पंखे विकत, पुढे परदेशी पेढ्यांमध्ये नोकरीला लागले. रात्री वाचत, फ्रेंच राज्यक्रांतीवरची पुस्तके आणि रिझाल यांच्या कादंबऱ्या त्यांच्या वाचनात होत्या. १८९२ मध्ये त्यांनी कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभी केली.

२२ मार्च १८९७ रोजी तेहेरोस येथे क्रांतिकारकांची सभा झाली. राष्ट्राध्यक्षपद एमिलिओ आगिनाल्दो यांच्याकडे गेले आणि बोनिफासिओ गृहखात्याचे संचालक म्हणून निवडले गेले. निवडून आलेल्याला सर्वांनी मान द्यायचा असे आधीच ठरले होते. तेवढ्यात दानिएल तिरोना उठले आणि म्हणाले की या पदावर वकिलीची पदवी असलेला माणूस हवा. बोनिफासिओ यांनी त्यांना शब्द मागे घ्यायला सांगितले, पिस्तूल उपसले, आणि कातिपुनानचे प्रमुख या नात्याने ही सभाच रद्दबातल असल्याचे जाहीर करून ते बाहेर पडले. पुढच्या कलहात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि १० मे १८९७ रोजी त्यांच्याच देशबांधवांनी त्यांना ठार केले.

फिलिपिन्सच्या शाळांत हा धडा शिकवला जातो, आणि वर्गात विचारले तर मुले बहुधा बोनिफासिओ यांच्याच बाजूने बोलतात. मृत्यूच्या आदल्या दिवसांत रिझाल यांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेली निरोपाची कविता तागालोगमध्ये आणणाऱ्या पहिल्या माणसांत बोनिफासिओ यांचे नाव घेतले जाते. ज्या भाषेसाठी मालोलोसच्या तरुणींनी अर्ज केला होता, ती त्यांनी शाळेबाहेर, दिव्याच्या उजेडात कमावली होती.